बदामाचं डाळिंब

वेस्ट विंडसर
२१ नोव्हेंबर, शुक्रवार

चि. लतिका हिला कृष्णाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकशील. घरात फोन असताना ही बाई कागद कशाला खरडत बसलीय म्हणशील. पण फोन लावायचा म्हणजे शंतनू नाहीतर आसावरी, दोघांतलं कुणीतरी शेजारी उभं राहतं. मला सध्या शेजारी कुणी नकोय. आमच्या भजनातले मोरेश्वर भावजी मंगळवारी पुण्याला निघालेत, त्यांचा पुतण्या कऱ्हाडला नोकरीला आहे. तो आणून देईल. चौथी पास बाईचं अक्षर आहे, सावकाश वाच.

इकडे थंडी पडली. शंतनू सकाळच्या गाडीनं न्यूयॉर्कला गेला, सूनबाई तिच्या औषधांच्या लॅबमध्ये, रुही शाळेत. बाहेर एक माणूस पाठीला मशीन बांधून पानं उडवतोय. झाडून गोळा करायची सोडून फुंकर मारून शेजाऱ्याच्या अंगणात लोटायची, ही इथली स्वच्छता. असो. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस का? मी धाडलेला पट्टा कपाटात ठेवला असशील, मला माहितेय.

तुला इटलीचं सांगायचं राहिलंय. फोनवर तू नुसती हं हं करत होतीस, म्हणून नीट लिहिते. सगळं लिहिते, पण माझ्या क्रमानं.

रुहीच्या शाळेला नोव्हेंबरात चार दिवस सुट्टी असते, त्याला पुढचे-मागचे दिवस जोडून आम्ही गेलो. पालेर्मो म्हणून गाव आहे, समुद्रावर. जुनं म्हणजे किती जुनं गं! घरांना पोपडे आलेले, गॅलरीत वाळत घातलेली लुगडी, म्हणजे चादरी, आणि खालून स्कूटरी. मला तर एकदम बरं वाटलं. अमेरिकेत सहा वर्षं झाली, रस्त्यावर माणूस दिसत नाही. तिथं सगळे मोठ्यानं बोलत होते. भांडतायत का प्रेमानं बोलतायत, कळत नव्हतं, अगदी आपल्या मंडईसारखं.

आसावरीनं एक टूर बुक केली होती. नीना नावाची बाई, पन्नाशीची, गळ्यात लाल रुमाल, ती आपल्याला गावभर चालवते आणि दुकानादुकानातलं गोड खायला घालते. देवळं-राजवाडे वाटेत दाखवते, पण मुख्य खाणं. म्हटलं, ही तीर्थयात्रा मला आवडली! शंतनू म्हणाला, "आई, शुगर बघ." म्हटलं, "शुगर मला नाही, तुझ्या जगूमामाला आहे. मी त्याच्या वाटचंही खाणार." तो रुहीचा हात धरून पुढं गेला. त्याचे केस ओले होते. एवढ्या गारठ्यात सकाळी सकाळी डोक्यावरून अंघोळ केली होती. मी म्हणाले, "अरे, पुसून तरी घे." म्हणाला, "वाळतील."

पहिल्या दुकानात पावात बर्फाचा गोळा. हो, खरंच! गोड पाव, त्यात बदामाचा बर्फ, आणि हा म्हणे नाश्ता. दुसऱ्या दुकानात तिळाची बिस्किटं, बाहेरून भरपूर तीळ. मी नीनाला रुहीकरवी सांगितलं, आमच्यात संक्रांतीला असं करतात. रुही म्हणाली, "आज्जी सेज दे मेक इट टू, फॉर द सन." नीनानं माझा गालगुच्चा घेतला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईचा! मग ती नळी. आपल्या करंजीची पारी असते ना, ती नळीला गुंडाळून तळायची आणि गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर भरायची, आधी भरली तर मऊ पडते. आत आपल्या चक्क्यासारखं, पण आंबट नाही. मी दोन खाल्ल्या. अंडं घातलंय का विचारलं नाही. विचारलं तर "नाही हो आई" म्हणणार. अमेरिकेत आल्यापासून विचारायचं सोडलंय.

बोटं चाटून खाल्लं गं. हनुवटीला साखर. आसावरी फोटो काढत होती. "आई, इकडे बघा, हसा!" मी हसले. सगळ्या फोटोत मी हसतेय.

शंतनूनं मात्र एक घास घेतला नाही. लहानपणी लाडवाच्या डब्यावर झोपणारा मुलगा, तुला माहितेय, जगू त्याला मुंगळा म्हणायचा. मी म्हटलं, "एवढे पैसे भरून आलास आणि नुसतं पाणी पितोस?" म्हणाला, "ॲसिडिटी झालीय." मी माझ्या पिशवीतली गोळी काढून दिली. त्यानं ती घेतली सुद्धा, माझ्यासमोर.

मग एका मठात गेलो. पूर्वी तिथल्या जोगिणी कुणाला तोंड दाखवत नसत. भिंतीत लाकडी फिरकी होती, गिऱ्हाइकानं नाणं ठेवायचं, फिरकी फिरायची, गोड बाहेर यायचं. करणारी दिसत नाही, खाणाऱ्याला माहीत नाही आत काय चाललंय. मला फार गंमत वाटली तेव्हा.

तिथल्या दुकानातच ती फळं होती. बदाम वाटून साखरेत शिजवायचे, फळाचा आकार द्यायचा आणि रंगवायचं. अंजीर, पेरू, भेगाळलेलं डाळिंब. मी हात लावून बघितलं, इतकं खरं. आणि मला गौरीपुढची मातीची फळं आठवली. जगू पाच वर्षांचा असताना त्यानं त्यातला आंबा कडाडून चावला होता आणि पुढचा दात हातात आला होता. आई मारायला धावली तर म्हणाला, "ताई म्हणाली खरा आहे." मी म्हणालेच होते! म्हटलं, आता डाळिंब न्यायचं त्याला. सांगायचं, खोटं आहे रे, मातीचं आहे, ठेव शोकेसमध्ये. आणि तो ठेवून देईल, मग मी त्याच्यादेखत चावून खाईन. नाहीतरी शुगरवाल्याला कुठं द्यायचंय. इतकी हसले मी एकटीच, की नीना पण हसायला लागली.

रुहीनं तिला सांगितलं, हे आज्जीच्या ब्रदरला आहे. मग नीना म्हणाली, बरोबर निवडलंत. इथं दोन नोव्हेंबरला मेलेली माणसं रात्री घरी येतात आणि लहान मुलांसाठी गोड ठेवून जातात, त्यात ही फळं असतात. मी म्हटलं, नवलच! आपण पितरांना वाढतो, इथं पितरच आपल्याला वाढतात. रुहीनं ते इंग्रजीत सांगितलं. शंतनू एकदम दुकानाबाहेर गेला. आसावरी म्हणाली, "ऑफिसचा कॉल आला असेल." डाळिंब मात्र त्यानंच बॅगेत ठेवलं, स्वेटरच्या घडीत गुंडाळून, फुटू नये म्हणून.

दुपारी हॉटेलवर आले तर मला काही राहवेना. म्हटलं, जगूला फोन लावा, त्याला जळवायचंय. शंतनू म्हणाला, नेट नाही. मग म्हणाला, तिकडे रात्र झाली. मी म्हटलं, दिवेलागण झाली असेल, मला हिशेब येतो. शेवटी तो गॅलरीत जाऊन काहीतरी बोलून आला आणि मग फोन माझ्या हातात दिला. तू होतीस. आवाज बसलेला. मी विचारलं, काय गं, तर म्हणालीस, सर्दी झालीय.

"जगू कुठंय?"

"झोपलेत, ताई."

"एवढ्यात?"

"दमलेत आज."

मी म्हणाले, "झोपू दे मग त्याला. उठवू नकोस."

लतिका, हे मी म्हणाले. माझ्या तोंडून म्हणवून घेतलंत तुम्ही.

परत आल्यावर आठवडाभर मी रोज विचारायची. उत्तर यायचं, मामा पुण्याला तपासणीला गेलाय. मामाचा फोन बिघडलाय. मग गेल्या रविवारी सकाळी आसावरीनं मला खुर्चीवर बसवलं, चहा दिला आणि दंडाला बीपीचं मशीन लावलं. मला वाटलं, काय काळजी करते पोर! आकडा बघून तिनं शंतनूकडे मान हलवली. मग तो खाली बसला, माझ्या पायाशी, आणि म्हणाला, "आई, मामा गेला." पट्टा अजून दंडालाच होता.

मी विचारलं, कधी. आधी नुसतं "मागच्या आठवड्यात" म्हणाला. मी म्हटलं, वार सांग. सोमवार, तीन तारीख, संध्याकाळी. म्हणजे त्या गोडाच्या आदल्या दिवशी. म्हणजे मी नळ्या खात होते तेव्हा तुम्ही नदीवरून येऊन दारात बसला असाल.

शंतनू रडला खूप. म्हणाला, "तुझी ट्रिप खराब झाली असती गं. तू इतकी वाट बघत होतीस. आणि पोचलो तर नसतोच. मामीच म्हणाली, ताईंना परदेशात नको सांगू, हाय खातील, तेरावं झालं की सांग." तुझं नाव त्यानं सांगितलं म्हणून लिहिते. चुगली नाही.

पोचले नसते, कबूल. पण मी अंघोळ केली असती. हॉटेलच्या त्या टबात का होईना, डोक्यावरून पाणी घेतलं असतं त्याच्या नावानं. दारं लावून रडले असते. लग्न झालेल्या बहिणीला तीन दिवस असतं आपल्यात. तीन दिवस गोड खायचं नाही, एवढं तरी मला करता आलं असतं की नाही? मी काय हाय खाल्ली असती? आईला, अण्णांना, शंतनूच्या वडलांना माझ्या डोळ्यांदेखत नेलं. त्यांच्या वेळी कुणी माझं बीपी बघितलं नव्हतं.

आणि मग माझ्या डोक्यात ओल्या केसांचं आलं. विचारलं त्याला, तू त्या दिवशी का खाल्लं नाहीस? आधी ॲसिडिटी म्हणाला. मी म्हटलं, खरं सांग. मग म्हणाला, "गुरुजींना फोन केला होता रात्री. भाच्याला दीड दिवस असतं म्हणाले."

म्हणजे त्यानं पाळलं. अमेरिकेत आलेली मुलं काही मानत नाहीत म्हणतात, ते खोटं आहे. माझ्या मुलानं मामाचं सुतक पाळलं, नीट विचारून पाळलं. आणि आईला, सख्ख्या बहिणीला, समोर बसवून सात दुकानांत गोड भरवलं. एका दुकानात तर त्यानंच चमचा पुढं केला, "आई, हे बघ, हे तुला आवडेल." आवडलं मला. काय सांगू, खरंच आवडलं.

त्याच गुरुजींना मीही फोन लावायला लावला. म्हणाले, आजी, दहा दिवस होऊन गेल्यावर कळलं तर आता फक्त स्नान. सत्तर वर्षांचा भाऊ, आणि माझ्या वाट्याला एक अंघोळ. ती करायला निघाले तर आसावरी मागून, "आई, हीटर लावलाय, गार पाण्यानं करू नका हं." वाईट नाहीये गं ती. कुणीच वाईट नाही. म्हणून तर कुणाशी भांडता येत नाही.

तेराव्याला तुझ्याकडे गोडाचं जेवण झालं असेल. माझं आधीच झालं होतं. फोटो आहेत.

आता असं झालंय की कुणाला विचारलं आणि तो झोपलाय म्हणाले, की मी आधी जाऊन बघून येते. काल रुही शाळेतून येऊन झोपली होती. आसावरी म्हणाली, "झोपलीय." मी वर जाऊन पोरीच्या नाकाशी हात धरला. ती जागी झाली, "आज्जी, व्हॉट आर यू डुइंग?" काय सांगू तिला? हे आता जन्मभर राहणार. कोण आहे, कोण नाही, मला काय कळणार? तुम्ही सगळे हसून बोलाल आणि मी चमचा चाटत राहीन.

डाळिंब ओट्यावर ठेवलंय, सगळ्यांना दिसेल असं. शंतनू परवा म्हणाला, "आई, उचलून ठेवू का?" म्हटलं, राहू दे. सुकत नाही, कुजत नाही. खोट्या फळाला काय होतंय.

शंतनूला बजावून ठेवलंय, मी गेले की त्याच मिनिटाला कऱ्हाडला फोन करायचा. लतिका जेवत असली तरी सांगायचं. तिचा घास तोंडात असेल तर थुंकू दे तिला. तेवढा माझा हक्क आहे.

वर तुझ्या नावाआधी नुसतं चि. लिहिलंय, बघितलंस? चाळीस वर्षं मी तुला सौ. लिहीत आले. या वेळी पण हात तिकडेच गेला होता, थांबवला. दुसरं जे लावायचं ते माझ्याच्यानं लिहवत नाही. तू एकटी पडलीस हे मला कळतं गं. त्या दिवशी बसल्या आवाजात माझ्याशी खोटं बोलताना तुझं काय झालं असेल, तेही कळतं. पण तो आवाज माझ्या कानातून जात नाही आणि मी तो काढायचा प्रयत्नही करत नाहीये.

आता एकच विचारते, आणि त्याचं उत्तर मला तुझ्या हातच्या अक्षरात हवंय, फोनवर नको. शेवटी जगूनं माझं नाव घेतलं का? घेतलं असेल तर काय म्हणाला, तेवढंच लिही. आणि घेतलं नसेल तर नाही घेतलं असं लिही. मला बरं वाटावं म्हणून काही घालू नकोस. माझं गोड खाऊन पुष्कळ झालंय.

गुडघ्यांना तेल लाव.

जगूची बहीण,
कृष्णा