डाव्या कोपराची खरी हकीकत

प्रिय खारूताई,

पत्र बघून आधी तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, इकडे सगळे धडधाकट आहेत. कुणी आजारी नाही, कुणी कुणाशी भांडलेलं नाही. फोनवर बोलता आलं असतं हे मलाही कळतं. चारदा फोन केला, चारही वेळा तुझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि ठेवून दिला. तोंडातून जे निघत नाही ते पेनातून तरी निघतंय का बघतो. गोष्ट तुझ्या डाव्या हाताची आहे आणि बातमी चांगली आहे. इतकी चांगली, की गेले दहा दिवस मी अंथरुणाला पाठ टेकली की पाच मिनिटांत घोरायला लागतो, असं तुझी वहिनी सांगते. तिला ते फारसं आवडलेलं दिसत नाही.

माझं काम तुला कधी नीट कळलं नाही, त्यात तुझा दोष नाही. ऑफिसात तू 'माझा भाऊ मेडिकल कॉलेजात आहे' एवढंच सांगतेस, लोक मला डॉक्टर समजतात, मग मी आलो की तुझ्या साहेबांची कंबर तपासायची वेळ येते. अगं, मी सांगाडे जोडतो. खोक्यातून सुटी हाडं येतात, ती साफ करायची, बारीक भोकं पाडायची, तार आणि स्प्रिंग ओवायची आणि मुलांना शिकायला अख्खा माणूस उभा करून द्यायचा. हाड कुठलं ते चार दिवसांत कुणालाही ओळखता येतं. सगळी मेख असते ती सांध्यात. कुठला किती हलू द्यायचा आणि कुठे अडवायचा, हे ज्याच्या हाताला कळलं तो कारागीर. खांदा आणि खुबा दोन्ही उखळीचे सांधे, गोल डोकं वाटीत बसलेलं, पण खुब्याची वाटी खोल आणि खांद्याची बशीसारखी उथळ. म्हणून हात वाटेल तिकडे फिरतो आणि तितक्याच सहज निखळतो. गुडघा म्हणजे दाराची बिजागरी, एकाच बाजूला उघडणार. मान हलवून आपण 'नाही' म्हणतो ना, तेव्हा पहिला मणका दुसऱ्याच्या खुंटीभोवती कड्यासारखा फिरत असतो. अंगठ्याच्या बुडाशी खोगिरासारखा सांधा आहे, त्याच्या जिवावर सुईत दोरा ओवता येतो. कवटीची हाडं मात्र दातेरी शिवणीने एकमेकांत अडकलेली, ती जन्मभर हलत नाहीत, आणि वहिनीच्या मते माझ्या डोक्यात ती शिवण पार आतपर्यंत गेलेली आहे. खिडकीची बिजागरी दोन महिने कुरकुरतेय आणि हे तिकडे मेलेल्यांचे गुडघे सरळ करतात, हे तिचं परवापर्यंतचं रोजचं पालुपद.

या सगळ्यांत एक सांधा मी तीस वर्षं टाळत आलो. म्हणजे करावा तर लागायचाच, पण सगळ्यात शेवटी, आणि तोही घाईघाईने. कोपर वाकतं ती बिजागरी वेगळी. तळहात पालथा-उताणा होतो तो सांधा वेगळा. कोपराखाली दोन हाडं शेजारी शेजारी असतात. करंगळीकडचं जागेवर राहतं आणि अंगठ्याकडचं त्याच्यावर लोळतं. कोपरापाशी त्याचं बटणासारखं डोकं एका पट्ट्याच्या कड्यात फिरतं, म्हणून आपण किल्ली फिरवतो, कुणी चार दाणे दिले तर हातावर घेतो. म्हणून ओंजळ होते. तुझी ओंजळ कधी झाली नाही. नळाखाली तू एका हाताने तोंड धुवायचीस आणि मी शेजारी उभा राहून दात घासत भिंतीकडे बघायचो. चेंडू फेकला की तुझा डावा हात पालथाच पुढे यायचा आणि चेंडू मनगटावर आपटून गटारात. गल्लीतली पोरं हसायची. तू त्यांच्यापेक्षा जोरात हसायचीस.

नर्सिंगच्या प्रवेशाचा दिवस तर मी विसरायचा प्रयत्न करूनही विसरलो नाही. तिथल्या बाईंनी दोन्ही तळहात वर करायला सांगितले. तू कोपर पोटाशी आवळून, खांदा फिरवून, अख्खं अंग वाकडं करून डावा हात कसाबसा आडवा केलास. बाईंनी कागद परत दिले. दारापाशी मी उभा होतो, तू बाहेर आलीस आणि म्हणालीस, "बरं झालं दादा, टायपिंगला हात पालथेच लागतात." तुझ्या ऑफिसात आजही तुझ्या बोटांची बरोबरी कुणी करत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणून सांगितलं आणि आईने मला दोन दिवस भाताची पेज पाजली.

आता सांगतोच. तो हात मी मोडला, असं मी अठ्ठेचाळीस वर्षं समजत होतो. मी अकराचा, तू चारची. आई-बाबा दोघं कामावर, तुला सांभाळायची जबाबदारी माझ्यावर. अंगणात मी तुझी दोन्ही मनगटं धरून तुला गरागरा फिरवत होतो, तुझे पाय वाऱ्यावर, आणि तू खदखदून हसत 'अजून, अजून' करत होतीस. मग कोपरात बारीकसं काहीतरी सरकलं. ते माझ्या हातांना कळलं, कानांना नाही. तू किंचाळलीस आणि डावा हात पोटाशी धरून बसलीस. संध्याकाळी दुखायचं थांबलं, दुसऱ्या दिवशी तू खेळायलाही लागलीस, मला वाटलं वाचलो. पंधरा दिवसांनी तुला आंघोळ घालताना आईच्या लक्षात आलं की हा तळहात वर होतच नाही. हाडं बसवणाऱ्या म्हाताऱ्याने दाबून बघितलं आणि निकाल दिला, सांधा निखळून वाकडा बसलाय, आता हलायचा नाही. घरात सगळ्यांना माहीत आहे की तू अंगणातल्या पायरीवरून पडलीस. ते मी सांगितलेलं होतं. फिरवण्याबद्दल मी कुणाजवळ चकार शब्द काढला नाही, तुझ्या वहिनीजवळसुद्धा नाही.

गेल्या महिन्यात एका बंद पडलेल्या संग्रहालयातून आमच्याकडे जुनी हाडं आली. त्यात हाताची दोन हाडं अशी निघाली, की कोपराखाली तीन बोटं लांबीपर्यंत ती एकमेकांना चिकटलेली. मला वाटलं, आधीच्या कुठल्यातरी आळशी कारागिराने तार ओवायचा कंटाळा केला आणि सरसाने डकवून टाकली. मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बारीक करवत लावली, तेवढ्यात आमच्या विभागप्रमुख बाई ओरडल्या, "अहो थांबा, थांबा! ते जन्मतःच तसं आहे." बाई वयाने माझ्या मुलीसारख्या, पण आवाज असा की करवत हातातून पडली. मग त्यांनी ते हाड खिडकीपाशी नेऊन दाखवलं. पोटातल्या बाळाची ही दोन हाडं सुरुवातीला एकच असतात, मग त्यांच्यात फट पडून सांधा तयार होतो. एखाद्या बाळात ती फट पडायचीच राहून जाते. मोडून जुळलेल्या हाडावर गाठ असते, हे बघा, इथे बोट फिरवा, किती गुळगुळीत. आणि त्या सहज म्हणाल्या, "मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत बऱ्याच घरांत हे कळतच नाही. तोवर कधीतरी ते पडलेलं असतं, मग लोक म्हणतात, पडल्यामुळे झालं."

मी हातातल्या फडक्याची चारदा घडी करून विचारलं, लहान मुलाला हात धरून फिरवलं तर असं होतं का हो? बाई म्हणाल्या, फिरवलं तर हाडाचं डोकं त्या कड्यातून जरासं सरकतं, मूल रडतं, पुष्कळदा ते आपोआप जागेवर येतं आणि मूल खेळायला लागतं. त्याने हाडं चिकटत नाहीत. कधीच नाही.

दोन महिन्यांपूर्वी तू मोरीत घसरलीस तेव्हा माझ्या भाच्याने तुझ्या हाताचा एक्स-रे मला फोनवर पाठवला होता, आठवतंय? मामा हाडांतला माणूस, फ्रॅक्चर आहे का बघा म्हणून. मी मनगट बघितलं, काही नाही म्हणून कळवलं. वरचा अर्धा फोटो, खरं सांगतो, मी अंगठ्याने झाकून ठेवला होता. माझं पाप छापील स्वरूपात बघायची छाती नव्हती. त्या दिवशी तो फोटो मी बाईंपुढे धरला. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. "हेच की! जन्मापासूनचं," म्हणाल्या आणि चहा मागवला. खारूताई, मी तीन सांगाड्यांच्या मधल्या स्टुलावर बसलो आणि ढसाढसा रडलो. बाईंना वाटलं करवतीचा ओरडा मनाला लागला, त्या बिचाऱ्या माझी माफी मागायला लागल्या. मग मला हसू फुटलं. घरी चालत गेलो, सगळा रस्ता हात पालथा-उताणा करत. लोक बघत होते. आणि गेल्या रविवारी तुझ्या वहिनीच्या खिडकीची बिजागरीही दुरुस्त केली, तर ती मलाच विचारते की तब्येत बरी आहे ना.

एवढंच असतं तर मी गुपचूप आनंदात राहिलो असतो, कारण मी मुळात भित्रा. पण गेल्या वर्षी तुझ्याकडे आलो होतो तेव्हा तू नातीला मांडीवर घेऊन तिचे केस विंचरत होतीस. तिने विचारलं, आजी, तुझा हात असा का? तू म्हणालीस, मी फार हट्टी होते, दादाआजोबा नको नको म्हणत होते तरी मी पायरीवर चढले आणि पडले, तू अशी करू नकोस हं. पडताना पायातली चप्पल कशी उडाली तेही सांगितलंस. मी समोर खुर्चीत बसून ते ऐकलं आणि पेपर वाचत राहिलो. ते 'नको नको म्हणत होतो' मीच आईला सांगितलं होतं, स्वतःला वाचवायला, आणि मग आई तुला वर्षानुवर्षं ऐकवत राहिली, दादाचं ऐकलं असतंस तर! नर्सिंगचे कागद घेऊन बाहेर आलीस तेव्हाही तू मनात स्वतःलाच बोल लावला असशील, हे मला गेल्या वर्षी त्या खुर्चीत कळलं. माझ्या डोक्यावरचं ओझं बाईंनी एका मिनिटात उतरवलं, पण तुझ्या डोक्यावरचं मी ठेवलेलं, ते मलाच उतरवलं पाहिजे. हात जन्मापासून तसा होता, त्यात माझाही दोष नाही. पण खोटं मी बोललो, त्याची माफी मागतो. तू हट्ट केला नव्हतास. मी तुला नको म्हटलं नव्हतं. चप्पल उडाली ती मी फिरवत असताना. नातीला पुन्हा मांडीवर घेशील तेव्हा तिला खरं सांग. तू पडलीच नव्हतीस गं.

तुझाच,
दादा