‘बंद’ म्हणालो होतो

मंगळवार, ४ जुलै १९६७

बेरिलचा हात कोपराखालून काढला. उजवा. लाँगरीचच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. जीव वाचलाय, डोक्याला मार आहे, शुद्ध येते-जाते. मी म्हणालो, "बरं." बरं!

कालचं लिहून टाकतो, नाहीतर डोकं फुटेल. लांबच्या बोअरला गुरांसाठी पाणी आहे का ते बघायला जायचं होतं. आमच्या विमानाला सेल्फ-स्टार्टर नाही, पंखा हाताने ओढावा लागतो. माझा खांदा निकामी झाल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, पंखा बेरिल ओढते आणि मी आत बसतो. लोक हसतात. बायको राबते, नवरा उडतो! ती म्हणते, हसू देत, त्यांच्या बायका कुठे उडतात!

रीत ठरलेली. ती विचारणार, "बंद?" मी स्विच बघून सांगणार, "बंद!" मग ती पंखा दोन-चारदा हळू फिरवून इंजिनात पेट्रोल ओढून घेणार. मग "चालू?" – "चालू!" – आणि खरा झटका.

काल झटक्याला इंजिन लागलं नाही. पुन्हा पहिल्यापासून. माझी चिडचिड झालेली. तिने विचारलं, "बंद?" मी म्हणालो, "बंद!" तिने पंख्याला हात घातला आणि इंजिन भडकलं. एकच फेरा, आणि थांबलं. मी उडी मारून तिच्याकडे धावलो.

५ जुलै

सकाळी चूल पेटवताना तिचा आवाज आला. "बंद?" अगदी स्पष्ट, शेडच्या बाजूने. मी मोठ्याने म्हणालो, "बंद!" कुत्रं उठून उभं राहिलं.

७ जुलै

ब्रिस्बेनहून चौकशीचा साहेब आला. पोरगेलासा, बूट चकचकीत. इथल्या धुळीत किती टिकणार! विमानाभोवती दोनदा फिरला. "अपघातानंतर स्विचला कुणी हात लावला?"

"कुणी नाही."

"म्हणजे बंदच होता?"

"बंदच."

म्हणाला, मग तारेत दोष असणार. तार तुटकी असली की स्विच बंद असूनही ठिणगी पडते. विमानाचं काम शेवटचं कुणी केलं? लिंडसे क्रॉफ्टचं नाव सांगितलं. सांगावंच लागलं. त्याने विचारलं होतं.

८ जुलै

लिंडसे आला. टोपी हातात धरून दारातच उभा. साहेबाने त्याला कळवलंय, निकाल लागेपर्यंत कुठल्याही विमानाला हात लावायचा नाही. आसपासच्या सगळ्या फार्मांची विमानं तोच दुरुस्त करतो. दुसरं काही येत नाही त्याला. घरात तीन पोरं.

"क्लेम, ती तार महिन्यापूर्वी मीच बघितली होती. चांगली होती रे! की नव्हती? आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही."

"बस. चहा घे."

"चहा कसला पाजतोस मला! चार शिव्या घाल ना!"

घातल्या नाहीत. त्याला वाटलं, मी मोठ्या मनाचा. माझा हात धरून रडला.

१० जुलै

खोटं लिहिलं मी. तेही इथे, जिथे कुणी वाचत नाही!

मी उडी मारून धावलो नाही. आधी स्विचकडे बघितलं. चालू होता. पहिल्या झटक्यानंतर मी तो बंद केलाच नव्हता. न बघता "बंद" म्हणालो होतो. अकरा वर्षांच्या सवयीने तोंडातून निघालं. तिथे बसल्या बसल्या तो बंद केला. मग उतरलो.

पुन्हा भडकू नये म्हणून बंद केला, असं म्हणता येईल. पण त्याआधी मी मान वळवून शेडच्या दाराकडे पाहिलं होतं. कुणी बघतंय का ते. चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीय, आणि चोर त्याला चहा पाजतोय.

११ जुलै

आवाज आता दिवसातून तीनदा येतो. चूल पेटवताना, जेवताना, दाढी करताना. उत्तर दिल्याशिवाय थांबत नाही.

बुधवार, १२ जुलै

ट्रकने लाँगरीचला गेलो. पाच तास. वाटभर वाक्यं जुळवली. बेरिल पूर्ण शुद्धीत आहे. म्हणाली, "आता डाव्या हाताने तुझे कान उपटायला शिकावं लागेल." मी हसलो. हसलो मी!

मग तिने विचारलं, "साहेब येऊन गेला?"

"हो."

"काय सांगितलंस?"

"झालं ते."

तिने भिंतीकडे तोंड केलं. थकली असेल. जुळवलेली वाक्यं तशीच परत आणली.

१४ जुलै

लिंडसेची बायको फोनवर म्हणाली, तो अंथरुणातून उठत नाही. बस्स! तिचा फोन ठेवून सरळ ब्रिस्बेनला साहेबाला लावला. "मला काही सांगायचंय," म्हणालो.

तोच म्हणाला, "काल तुमच्या मिसेसचा जबाब घेतला. चूक त्यांचीच. तुम्हाला न विचारताच त्यांनी पंखा ओढला. गडबडीत तुम्ही नंतर स्विच बंद केला असेल, पण ते तुम्हाला आठवत नसेल, असंही म्हणाल्या. धक्क्याने होतं तसं. फाइल बंद. तुम्ही काय सांगत होता?"

"काही नाही," म्हणालो.

लिंडसे सुटला. मीही सुटलो. लाज वाटते. इतकी की तोंड धुतानाही आरशात बघवत नाही.

१५ जुलै

पुन्हा लाँगरीच. बेरिलला सगळं सांगितलं, काही न लपवता. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "मी जमिनीवर पडले होते, पण डोळे उघडे होते माझे. तू दाराकडे बघितलंस, तेही दिसलं. बुधवारी विचारलं होतं तुला, क्लेम." मग म्हणाली, "मंगळवारी बहीण न्यायला येतेय. माझे सगळे कपडे तिच्याकडे पाठवून दे."