सहा वाक्यांची गाडी

३ फेब्रुवारी, सकाळी
आजपासून नियमित रोजनिशी. निवृत्त झाल्यापासून माझ्या बुद्धीला काम नाही, आणि घरात कोणी तिचा उपयोग करून घ्यायला तयार नाही. एकतीस वर्षं पेपरात छोट्या जाहिराती तपासल्या. इतकी वर्षं लोकांचं खोटं शुद्ध करून दिल्यावर माणसाला कोण फसवणार?
संकल्प: एक जुनी, खानदानी मोटार घेणे. 'क्लासिक' म्हणायचं, 'व्हिंटेज' नाही. लोकांना फरक कळत नाही. मला काल कळला.

५ फेब्रुवारी
रविवारची पुरवणी वाचली. काय ही भाषा! 'किरकोळ काम बाकी' म्हणजे इंजिन बसवायचं बाकी. 'दुर्मीळ मॉडेल' म्हणजे नवी होती तेव्हाही कोणी घेतली नाही. 'दर्दींनीच संपर्क साधावा', म्हणजे शहाण्यांनी साधू नये. एकाने तर 'शेवटची बंद केली तेव्हा उत्तम चालू होती' असं लिहिलंय. हे माझ्या आजोबांबद्दलही म्हणता येईल.
हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, आपली छोटी गाडी चालतेय ना, मग हवीय कशाला.
छोटी गाडी म्हणजे चार चाकांवरचा साबणाचा डबा. तो घेऊन ही रोज सव्वासहाला रक्त तपासायच्या लॅबला जाते. सातला उपाशीपोटी माणसं रांगेत बसलेली असतात, उशीर झाला तर चक्कर येते त्यांना, वगैरे. शिवाय मार्चमध्ये तिथे नवीन प्रमुख नेमणार आहेत आणि हिचं नाव पुढे आहे. म्हटलं, प्रमुख बाई साबणाच्या डब्यातून उतरलेल्या बऱ्या दिसतील का? ही डबा भरत होती. झाकण जरा जोरात लावलं. म्हणजे पटलं.

९ फेब्रुवारी
दोन गाड्या पाहिल्या. 'डॉक्टरांनी वापरलेली': डॉक्टर जनावरांचे होते, आणि मागच्या सीटच्या वासावरून पेशंट आत बसत असावेत. दुसरी 'इंजिनाचा आवाज गोड'. आवाज गोड होता, पण विकणाऱ्याचा. इंजिन बोललंच नाही.
ही म्हणाली, मिस्त्रीला सोबत न्या. हसू आलं. मिस्त्री बॉनेट उघडून बघतो, मी माणूस वाचतो. जो धड लिहू शकत नाही तो गाडी काय धड ठेवणार?

१४ फेब्रुवारी
सापडली. इथे उतरवून ठेवतो:
'जुनी मोटार विकणे आहे. वय बेचाळीस वर्षे. डाव्या दारावर ओरखडा आहे. मागची काच हळू उतरते. गाडी जपून वापरली आहे. प्रत्यक्ष पाहून ठरवावे.'
सहा वाक्यं. एक विशेषण फुकट नाही. डोळे भरून आले. जो माणूस मागच्या काचेबद्दल खोटं बोलत नाही, तो इंजिनाबद्दल कशाला बोलेल?

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी
व्यवहार झाला. विकणारे निवृत्त औषधवाले, साधे गृहस्थ. बॉनेट उघडायला लागले, मी थांबवलं. म्हणाले, इंजिनाचं तेवढं जाहिरातीत लिहिलंच आहे. म्हटलं, मला तुमची जाहिरात पाठ आहे. पुन्हा म्हणाले, मिस्त्रीला दाखवलंत ना? अशा माणसांना स्वतःच्या प्रामाणिकपणाचीही भीती वाटते. बदल्यात आपली छोटी गाडी दिली. ती त्यांच्या सुनेला हवी होती.
गाडी पाहून ही काहीच बोलली नाही. फार आनंद झाला की माणसाची वाचा बसते.

१७ फेब्रुवारी
हिला लॅबला सोडायला निघालो. दुसऱ्या चौकात बॉनेटमधून वाफ. जातिवंत गोष्टी तापटच असतात. हिला चाळीस मिनिटं उशीर. रांगेतले एक आजोबा चक्कर येऊन पडले म्हणे. आजोबांनी घरून खाऊन यायला हवं होतं. मग आठवलं, उपाशीच यायचं असतं.

१८ फेब्रुवारी
वाफ. पंचवीस मिनिटं. प्रगती आहे.

२१ फेब्रुवारी
मिस्त्री आला. इंजिनाच्या ब्लॉकला चीर आहे म्हणाला. आजची नाही, कोणीतरी एकदा भरलीसुद्धा होती. घेताना कोणी बघितली, विचारलं. म्हटलं, मी. यावर तो चहा प्यायला गेला तो आलाच नाही.
ही आता दोन बस बदलून जाते. दुसरी कधीच वेळेवर नसते. लॅबच्या साहेबांनी उशिराबद्दल लेखी खुलासा मागितलाय. ही स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून रडली. मला वाईट वाटलं. खुलासा मी उत्तम लिहून देईन म्हटलं, तर म्हणाली, नको, तुमचं लिहिणं आता पुरे.
औषधवाल्यांना सोडणार नाही. इतकं शुद्ध लिहून इतकी लबाडी!

२५ फेब्रुवारी
कात्रण घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि टेबलावर आपटलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि म्हणाले, माझं एक वाक्य कुठे गेलं? आत जाऊन पेपरात भरून दिलेल्या अर्जाची प्रत घेऊन आले. पाचव्या वाक्यानंतर:
'इंजिनला चीर असून पाणी जाते तरी लांब नेण्यासारखी नाही तरी मिस्त्री आणून दाखवूनच घ्यावी तरी मागाहून तक्रार नको ही विनंती.'
तिथून तडक पेपरात. माझ्या टेबलावर आता मी तयार केलेलीच मुलगी बसते. कधी नव्हे ते आवाज चढवला. ती म्हणाली, सर, तुम्हीच शिकवलंत. एका वाक्यात तीन 'तरी' आले तर दुरुस्त करत बसायचं नाही, वाक्यच काढायचं. तिच्या डोक्यावर भिंतीला नियमांचा कागद होता, माझ्या अक्षरातला, प्लास्टिकमध्ये घालून. चौथा नियम.
म्हटलं, अगं, पण अर्थ?
म्हणाली, अर्थाचं तुम्ही काही सांगितलं नव्हतं, सर.
परत येताना चालत आलो. एकतीस वर्षांत किती वाक्यं काढली असतील, हे मोजायचं नाही असं ठरवलं आहे.

१ मार्च
ही परस्पर औषधवाल्यांकडे जाऊन आली. गाडी परत मागायला नाही. त्यांची सून लॅबच्या पुढच्या शाळेत शिकवते, ती उद्यापासून हिला सव्वासहाला घेऊन जाईल. आपल्याच छोट्या गाडीतून. औषधवाल्यांनी माझी चौकशी केली म्हणे. ही काय म्हणाली ते सांगत नाही.

१२ मार्च, सकाळी ६.४०
हिची नेमणूक झाली. काल पत्र आलं, मला दाखवलं. पत्रात दोन चुका होत्या. मी बोललो नाही.
आज सव्वासहाला छोटी गाडी आली आणि हॉर्न वाजला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. बरं वाटलं. माणसं झालं गेलं विसरतात. खिडकीतून हात हलवला. पुन्हा हॉर्न, चांगला लांब. पुन्हा हलवला, या वेळी दोन्ही हात.
मग ही जिना चढून वर आली. म्हणाली, हात काय हलवताय? तुमची गाडी उतारावरून घसरून गल्लीत आडवी आलीय. हँडब्रेकचं तरी बघून घ्यायचं होतंत. आम्ही दोघी ढकलतो, तुम्ही नुसते स्टिअरिंगवर बसा. तेवढं जमेल ना?
जाऊन बसलो.