पिळलेल्या लिंबाची फोड

आप्पा,

घडलं ते क्रमानं लिहिते.

१. तुमचे गुडघे धरले. बेदाण्याच्या शेडवर कुणीतरी सांगितलं, आंबट सोडा.
२. मी अकरावीत होते. लिंबू, चिंच, टोमॅटो, द्राक्षं मी बंद केली. पुढे मिरची, कोशिंबीर, आणि वातूळ म्हणून पालेभाज्याही. भाकरी, वरण, दूध, चहा, बेदाणे ठेवले.
३. काही महिन्यांनी हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. पायांवर काळेनिळे डाग उठले. दुखणं वाढलं. मी पथ्य आणखी कडक केलं.
४. तुम्ही गेलात. कागदावर हृदयविकार लिहिलं आहे.

एक सकाळ मला अजून स्वच्छ दिसते. आई पोह्यांवर लिंबू पिळते आहे, तुम्ही ताटली पुढे सरकवता. ‘‘आगं डॉक्टरीणबाई, येक थेंब पडू दे की.’’ मी नाही म्हणते. ‘‘बरं, पिळलेली फोड तरी चाटू दे. तिच्यात काय ऱ्हायलंय?’’ आई हसते. मी ती फोड उचलून खरकट्यात टाकते.

आता मी साताऱ्याच्या एका प्रयोगशाळेत प्रोलिन या अमिनो आम्लावर काम करते. शरीर सांधून धरणाऱ्या धाग्यांत ते असतं. त्यावर ऑक्सिजन बसला तरच धाग्याचा पीळ टिकतो, आणि त्यासाठी क जीवनसत्त्व लागतं. ते नसलं की धागे सैल पडतात. हिरड्या सुटतात, भरलेल्या जखमासुद्धा उघडतात. हे मांडून ठेवलेलं संशोधन वाचताना तुमच्या नडगीवरची विळ्याची जुनी खूण आठवली. शेवटच्या महिन्यात ती पुन्हा ओली झाली होती. द्राक्षांच्या तासगावात मी तुम्हाला नेमकी वाळवलेली द्राक्षं दिली. वाळताना त्यांतलं क जीवनसत्त्व जवळजवळ निघून जातं.

तुम्हाला स्कर्वीच होता, असं मी म्हणू शकत नाही. कुणी तपासलं नाही.

आई अजून आल्यागेल्याला सांगते, ‘‘लेकीनं बापाचं पथ्य लय कडक पाळलं.’’ मी चहा टाकायला आत जाते. येत्या रविवारी मी तासगावला जाणार आहे.

एक सांगायचं राहिलं. जीवनसत्त्वांचा तक्ता मला नववीतच पाठ होता. क, स्कर्वी, हिरड्यांतून रक्त, लिंबू. परीक्षेत मी तो न चुकता लिहिला होता.

हे पत्र वहीतच राहील. तरीही आईला सांगू की नको, एवढं शनिवार संध्याकाळपर्यंत कळवा.