ओलिंकाच्या माशाचे काटे

१७ जून
परवा इथे लिहिलं, की पहिल्या माशाचे काटे मी नदीत सोडले. ते खोटं आहे. वहीत खोटं राहू द्यायचं नाही, हे आईने शिकवलंय. काटे मी कुत्र्यांना घातले.

बाकी, इथे मासे मोजायच्या कामाला आले त्या दिवसाचा आनंद खरा. मोजणीचा मनोरा, नदीच्या तळाला अंथरलेली पांढरी ताडपत्री, तिच्यावरून वर जाणाऱ्या सॅल्मन माशांच्या सावल्या. दर तासाला दहा मिनिटं मोजायचं. पुरेसे मासे वर गेले, आमचा आकडा भरला, की मगच खाली मोठ्या कुस्कोक्विम नदीत विक्रीसाठी जाळी पडतात. त्यांत बाबांचंही असतं.

पण हंगामातला पहिला मासा ओलिंकाला मिळाला, माझ्या मावसबहिणीला. एव्हॉनमामांनी तिची पाठ थोपटली आणि नदीत सोडायला काटे माझ्या हाती दिले. काटे परत गेले तरच मासा पुन्हा अंग धरून येतो, हे आमच्यात पोराटोरांनाही ठाऊक. मलाही होतं.

२३ जून
ओलिंकाचा आकडा नेहमी माझ्याहून एकाने जास्त. मामा हसले, "नास्तासिया, मासे मोज गं, तिच्या वेण्या नको!"

आज तो जास्तीचा एक मासा मला काठावरून दिसला. पोहत नाही. ओल्या फडक्यासारखा सरकतो. ती मनोऱ्यावर असली की खाली थांबून राहतो. माझ्या पाळीला येत नाही.

३० जून
ओलिंकाच्या हातून मोजयंत्र पडलं. करंगळी मागे वळली ती थेट मनगटाला टेकली. दुखत नाही, म्हणते. नदीत आता तो एकच. बाकी मासे यायचे थांबले. जाळी बंद. बाबा किनाऱ्यावर बसून.

५ जुलै
तिचा हात उचलला, पिशवीसारखा लोंबला. सगळे तिच्याभोवती. चूक माझी, तरी त्या माशाला तीच हवी!

मामांना सगळं सांगितलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "घेतलेलं परत द्यावं लागतं, पोरी." कुत्र्यांपाशी माती उकरली. एक काटा नाही —

९ जुलै
ओलिंका बोलायला गेली. जबडा —
तरी मामा म्हणतात, किती गोड हसते.

परत द्यायला हाडं माझ्यातही आहेत. १२ जुलै, सकाळी दहाची मोजणी. तिला मनोऱ्यावर बसवीन, मग ताडपत्रीवर उतरेन. एकदा तरी तो माझ्याकडे —
ओलिंका, त्या दिवशी एकाने कमी मोजू नकोस, मलाही मोज —