डाव्या चाकाचे मालक

अण्णा,

तुम्ही मोडलेलं माझं गळ्याखालचं डावं हाड वाकडंच जुळलं. तुम्हाला हे माहीत असायचं कारण नाही, कारण त्यानंतर तुम्ही माझ्याकडे नीट पाहिलंच नाही आणि वर्षाच्या आत गेलात. मला मात्र ते रोज कळतं. विमानात बसलं की खांद्यावरचा पट्टा बरोबर त्या उंचवट्यावरून जातो. मुंबईच्या शेठ लोकांची जेट चालवली तेव्हाही जायचा, आता माझ्या दोन सिटांच्या विमानातही जातो. फरक इतकाच की जेटमध्ये दोन्ही खांद्यांवर पट्टे असतात, त्यामुळे दुखणं दोन्हीकडे वाटलं जातं. लहान विमानात पट्टा एकच, डाव्या खांद्यावरून तिरका. तो बरोबर तेवढी जागा शोधून काढतो.

होय, माझं स्वतःचं विमान आहे. पूर्ण नाही, चौथा हिस्सा. चौघांनी मिळून जुनं घेतलं. इंजिन कसं आहे ते मी कुणाच्या सांगण्यावरून घेतलं नाही, एकेक सिलिंडर स्वतः तपासून घेतलं. "चौथा हिस्सा म्हंजे कोणता बे? म्होरला का मागला?" असं तुम्ही विचारलं असतं, आणि स्वतःच आधी हसला असतात. कारण साखर कारखान्याचं विमान आलं त्या दिवशी तुम्ही हाच हिशोब लावला होता.

तो दिवस मला जसाच्या तसा दिसतो. कारखान्यामागच्या माळावर मुरूम दाबून केलेली धावपट्टी, पंख वर असलेलं, चार सिटांचं पांढरं विमान आणि त्याच्यासमोर फेटे, टोप्या. चेअरमन माइकवर सांगतात, "हे विमान माझं नाही. तुमचं आहे. प्रत्येक सभासद याचा मालक." टाळ्या पडतात. लोक दोरीबाहेर उभे, आणि तुम्ही दोरी उचलून आत जाता, डाव्या चाकावर हात ठेवता आणि मागे वळून म्हणता, "हे माझं. बाकीचं तुमी वाटून घ्या." शेजारच्या मळ्यातला तात्या ओरडतो, "मग मला म्होरचा पंखा द्या अण्णा, उकडतंय लई!" सगळा माळ हसतो. चेअरमनसुद्धा हसतात. मी तेव्हा कारखान्याच्या वर्कशॉपात फिटर होतो, विशीतला. मीही हसलो होतो.

पुढे पायलटसाहेबांनी मला वर्कशॉपातून मागून घेतलं. हवाई दलातून निवृत्त झालेला तो माणूस आपल्या भागात नवखा होता, आणि त्यांना नट योग्य तेवढाच आवळणारा हात हवा होता. इंजिनाचं पुस्तक इंग्रजीत. मी शब्दकोश शेजारी ठेवून ते पहिल्या पानापासून वाचलं, मॅट्रिक नापास असून वाचलं. ते माझं मीच केलं, हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. तुम्हाला त्याचा राग होता. "मालकाचं पोरगं चाकर कावून?" तुम्ही जेवताना विचारलंत. मी म्हणालो, "मालकाला आत बसू देत न्हाईत अण्णा. चाकराला देतात." तुम्ही हातातला तांब्या फेकून मारलात. तो माझ्या कानाजवळून गेला आणि चौकटीवर आदळला. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तांब्याला पोचा आला. उद्या दोघं बी हातानं पाणी प्या." त्यावर तुम्ही हसला नाहीत, मीही नाही. इतके आपण सारखे होतो.

मग पाऊस सलग दुसऱ्या वर्षी गेला. ऊस उभा वाळला, कारखान्याचं धुराडं बंद पडलं, बैल छावणीत गेले. तुम्ही सकाळी छावणीत जायचात आणि दुपारी पट्टीच्या कडेला बाभळीखाली बसून आभाळाकडे बघायचात. दुपारी ढग यायचे. डोंगराच्या बाजूनं चढायचे, काळे व्हायचे, आणि त्याच सुमाराला चेअरमनना घेऊन विमान मुंबईहून परतायचं. ते उतरायचं, आणि दिवस कलताना ढग विरून जायचे. जमीन निवली की ढगाखालची ऊब संपते आणि तो विरतो. विमान असो नसो, विरतो. पण बाभळीखाली बसलेल्याला काय दिसतं? ढग आला, विमान आलं, ढग गेला. तेलगावच्या बाजारात बोललं जाऊ लागलं की विमानातून मीठ मारून ढग फोडतात. टँकरचे ठेके चेअरमनच्या मेहुण्याचे, पाऊस पडला तर टँकर कोण घेईल? ठेक्यांचं खरं होतं, म्हणून मिठाचंही खरं वाटलं. मी घरी समजावून सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "तू त्यांचा पगार खातूस."

त्या दुपारचा ढग वर्षातला सगळ्यात मोठा होता. खाली सपाट, निळाकाळा, वर फुललेला. चार थेंब पडले. मुरमावर त्यांचे डाग मी पाहिले. तेवढ्यात विमान आलं. चेअरमन उतरून जीपमध्ये बसले आणि गेले. मी चाकांना लाकडी ठोकळे लावत होतो. वर बघितलं तर ढग मधून फाटलेला आणि त्यातून ऊन येत होतं. मग आरडाओरडा ऐकू आला. माळ चढून माणसं येत होती, ऊसतोडीचे कोयते घेऊन, काठ्या घेऊन, आणि सगळ्यांत पुढे तुम्ही, खांद्यावर कुऱ्हाड.

पायलटसाहेबांना दारातून ओढून काढलं आणि तोंडावर दगड घातला. त्यांचे पुढचे दात तुटून शर्टाच्या खिशावर पडले. ते कसेबसे सुटून वाळलेल्या उसात पळाले. मग सगळे माझ्याकडे वळले. मी पंखाखाली उभा होतो, हातात पाना. मी तो उगारला होता, हे लपवत नाही. तात्यानं कोयता वर नेला आणि तुम्ही त्याला खांद्यानं ढकललंत. "माझं पोरगं हाय. मी बघतो." मग माझ्यासमोर येऊन हळू आवाजात म्हणालात, "म्हण, ढग फोडतं म्हणून."

"न्हाई फोडत."

"एकदा म्हण. सगळ्यांना ऐकू येईल असं म्हण."

"अण्णा, म्हशीवर माशी बसली म्हणून म्हैस मरती का? न्हाई फोडत!"

तुम्ही मारलंत. पहिला घाव हातावर, पाना गळाला. दुसरा मांडीवर. प्रत्येक घावानंतर तेच, "म्हण." आणि प्रत्येक वेळी मी, "न्हाई." मागून लोक ओरडत होते, "घाला अण्णा! अजून घाला!" तिसऱ्या की चौथ्या घावाला हाड मोडलं. वाळका ऊस मोडावा तसा आवाज आला, तो मला बाहेरून ऐकू आला, जणू दुसऱ्याचं काही मोडलं. मी खाली पडलो. तुम्ही माझा पाय धरून मला ओढत बाभळीपर्यंत नेलंत, मेलेलं जनावर नेतात तसं, आणि परत फिरलात.

पुढचं मी आडवा पडून पाहिलं. तात्या पंख्यावर कोयत्याचे घाव घालत होता आणि ओरडत होता, "पंखा माझा! पंखा माझा!" आता कुणी हसत नव्हतं. तुम्ही कुऱ्हाड पंखात घातलीत, त्यातली टाकी फुटली आणि पेट्रोल तुमच्या डोक्यावरून, फेट्यावरून खाली आलं. कुणीतरी ओरडलं, "बिड्या इझवा रे!" तुम्ही डोळे पुसलेत आणि पुन्हा घातलीत. सिटा फाडल्या, काचा फोडल्या, शेपूट तोडली. उजव्या चाकाचा पाय मोडून विमान कलंडलं तेव्हा डावं चाक वर उचललं गेलं आणि हवेत फिरत राहिलं. एकानं त्यावर कुऱ्हाड उगारली तर तुम्ही त्याचा हात धरलात. "त्याला न्हाई. ते माझं हाय."

घरी आईनं तुमचंच धोतर फाडून माझा हात गळ्याशी बांधला. तुम्ही चुलीपुढे भिंतीकडे तोंड करून बसला होतात. स्वयंपाकघरात पेट्रोलचा वास, म्हणून आईनं चूल पेटवली नव्हती, शिळी भाकरी दिली होती. "त्याला इचार," तुम्ही भिंतीला म्हणालात, "म्हणणार हाय का." आई म्हणाली, "आधी घास तरी गिळू द्या त्याला." मी म्हणालो, "त्यांना सांग, न्हाई." सकाळी मी निघालो तेव्हा वेशीपर्यंत आलेली आई मला म्हणाली, "त्यांनी मारलं म्हणून तू हाईस. बाकीच्यांच्या हातात कोयते होते." मी वेशीबाहेर पडलो. पण एक गोष्ट मी तिथंच, मार खाताना पाहिली होती. तुमची कुऱ्हाड उलटी होती. पातं तुमच्या मुठीत, दांडा माझ्याकडे. तुमच्या तळहाताला चीर पडून रक्त कोपरापर्यंत आलं होतं. बारकावे पाहायची मला सवय आहे. त्यांचा अर्थ लावायला मात्र मी वेळ घेतो.

घाटनांदूरला रेल्वेत बसलो आणि पायलटसाहेबांमागे हैदराबादला गेलो. नवे दात बसवलेल्या त्या माणसानं मला हँगरमध्ये काम दिलं, कामाच्या बदल्यात उडायला शिकवलं. मॅट्रिकपासून पायलटच्या परीक्षेपर्यंतचे सगळे पेपर मी एकट्यानं अभ्यास करून दिले. तुम्ही विहीर खोल करायला सुरुंग लावलात आणि उशिरा उडालेल्या सुरुंगानं विहिरीतच गेलात, हे मला तिथं कळलं. मी आलो तेव्हा माती सावडून झाली होती. चिडायला माणूस उरला नव्हता. मी विहिरीच्या काठावर जाऊन, खाली तोंड करून, "न्हाई फोडत" असं मोठ्यानं ओरडलो. लोकांना वाटलं दुःखानं.

मग बरीच वर्षं जेट. लोक विचारतात, जेट सोडून हे खेळणं कशाला? जेट वाईट नाही, अण्णा. ते चढतं तेव्हा पाठ सिटात दाबली जाते, पावसाळा खाली राहतो आणि वरचं आभाळ दुपारीही गडद दिसतं. तुम्ही तंबाखू मळून दाढेखाली धराल तेवढ्यात अख्खा बीड जिल्हा मागे पडतो. पण तिथून कशाचाही वास येत नाही. आणि बाकीचा वेळ गणवेश घालून वाट पाहण्यात जातो. शेठ कधी येणार ते शेठला माहीत, त्यांच्या पाण्याची बाटली किती गार हवी ते मात्र मला माहीत पाहिजे. एकदा पुढे वादळ होतं, रडारवर लाल. मी थांबायला सांगितलं. शेठनं पुढे येऊन माझी कॉलर धरली, अंगठा त्याच हाडावर. "विमान कोणाचं आहे?" म्हणाला. कागदावर निर्णय कप्तानाचा असतो, पगारावर नसतो. वादळात एक फट दिसली, त्यातून गेलो आणि ती मिटली. विमान असं आपटलं की शेठचं कपाळ छताला लागून फुटलं, आणि मलईच्या रंगाच्या चामड्यावर रक्त ओघळलं. उतरल्यावर त्यानं फक्त चामडं बदलून घ्यायला सांगितलं. त्यानंतर मी नोकरी सोडली. तुम्ही ज्या हक्कानं "ते माझं हाय" म्हणाला होतात, तितका हक्क त्याच्या "विमान कोणाचं"मध्ये नव्हता.

लहान विमान तुमच्या त्या विमानाचंच भावंड आहे. उन्हाळ्यात नांगरलेल्या काळ्या रानावरून जाताना खालची ऊब त्याला लाथा घालते. पाचट जाळल्याचा वास आत येतो. इंजिनाचा ठोका जरा चुकला तर मला तो पायाच्या तळव्यात कळतो. जेटमध्ये मी उत्तम चालवत होतो. इथं जायचं की नाही, कुठून जायचं, हे मी ठरवतो. मालकी म्हणजे एवढंच, आणि ते तुम्हाला कधी मिळालं नाही. चाक मिळालं.

यंदा पुन्हा दुष्काळ आहे, सलग तिसरं वर्ष. परवा लातूरहून औरंगाबादला निघालो होतो. शेजारी माझा भागीदार, लातूरचा डॉक्टर, थर्मासमधला चहा पीत होता. अंबाजोगाई मागे पडलं आणि समोर ढग दिसला. एकटाच, बरोबर आपल्या गावावर. खाली सपाट, निळाकाळा, वर फुलत चाललेला. त्याचा तळ आमच्यापेक्षा बराच वर होता, खालून सरळ जायला काहीही हरकत नव्हती. मी विमान डावीकडे वळवलं.

"कावून वळलास बे? सरळ रस्ता हाय की," डॉक्टर म्हणाला.

"खाली हवा खराब हाय."

"लई चांगली हाय. माझा चहा हलंना."

"गप बस. माझा हिस्सा मी वळवला."

"मग माझा जाऊ दे की सरळ!"

तो हसत राहिला. मी मोठा वळसा घातला, ढग सबंध वेळ उजव्या हाताला ठेवून, मान न वळवता. पेट्रोल जास्त गेलं, तेही मी भागीदारांना वाऱ्यावर ढकलून सांगितलं. ढग कसा बनतो आणि कसा विरतो हे मला अजूनही तितकंच पक्कं माहीत आहे. तरी वळलो.

हे कागद मी घडी करून विमानाच्या खणात, नकाशाखाली ठेवणार आहे. आपल्या गल्लीत अजून माझी चुलत बहीण राहते, तिचा फोन चालू असतो. त्या दिवशी गावात पाऊस पडला का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. पडला नसेल तर काही नाही. पडला असेल, तर अण्णा, तुमच्याशी भांडायला माझ्याकडे काय उरलं?