विजेच्या गाड्या आणि दादाचा कान

वर्कशॉप,
ता. ९ नोव्हेंबर

चि. सौ. छकुलीस,
दादाचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. फोन का उचलत नाहीस म्हणून रागावली आहेस. अगं, हल्लीचे फोन टाकाऊ झालेत. पलीकडचा माणूस तोंडात गोळी धरून बोलतोय असं वाटतं. तुझी वहिनी म्हणते, फोनला काही झालेलं नाही. तिला काय, तिचं सगळंच ठीक असतं. पत्र बरं, त्यात कोणी पुटपुटत नाही.

रविवारी ठमीने मला मोटारींच्या प्रदर्शनाला नेलं. लेक कमवायला लागली की बापाला शहाणं करायला घेते, तशातला प्रकार. म्हणाली, बाबा, जग कुठे चाललंय ते बघा तरी. बघितलं. खड्ड्यात चाललंय.

भलामोठा हॉल, आणि खाली गालिचा! आमच्या दुकानात गाडीखाली गोणपाट असतं. इथे गाड्या गालिच्यावर बसलेल्या आणि एक बाई मऊ फडक्याने त्यांच्यावरचे बोटांचे ठसे सारखे पुसतेय. जवळ गेलं की दाराची मूठ आपोआप बाहेर येते, हात मिळवायला आल्यासारखी. आत ना काटा, ना खटका, नुसता एक टीव्ही. सगळ्या विजेच्या. पेट्रोलची एक गाडी औषधाला सापडली नाही. निळ्या कोटातल्या एका मुलीला मी बॉनेट उघडायला लावलं, तर आत काय असावं? रिकामी पेटी! ती म्हणे, यात बाजाराच्या पिशव्या ठेवता येतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. ज्या जागी मी चाळीस वर्षं डोकं घातलं, तिथे आता बटाटे ठेवायचे.

तरी मी खिशातला लांब पेचकस काढला. गाडी सुरू कर म्हटलं. ती हसली आणि पडद्याकडे बोट दाखवलं. गाडी सुरूच होती. मी पेचकसाचं टोक पेटीच्या तळाला लावलं, मूठ कानाला लावली. काही नाही. अगदी काही नाही. दुसऱ्या गाडीपाशी गेलो, तिथेही तेच. सगळ्या हॉलमध्ये हजारो माणसं, पण वाचनालयात असावी तशी शांतता.  घरात कुणी गेलं की माणसं अशी गप्प फिरतात.

बाहेर आवारात तर जिवावरच बेतलं होतं. मागून एक पांढरी गाडी आली ती थेट माझ्या पोटरीला टेकली. मला पत्ता नाही! ठमीने ओढलं म्हणून वाचलो. असल्या मुक्या गाड्या रस्त्यावर सोडणाऱ्यांना शिक्षा व्हायला पाहिजे.

तुला आपल्या दुकानाची पद्धत माहीत आहे. माझा कान लागल्याशिवाय गाडी बाहेर पडत नाही. पेचकस इंजिनाला लावून मी डोळे मिटतो, गिऱ्हाईकही श्वास धरून उभं राहतं, आणि मी पास म्हटलं की पास. आणि सांगू? हल्ली माझा हात असा बसलाय की पहिल्या खेपेतच इंजिनाचा खडखडाट थांबतो. झडपा हलवणाऱ्या टॅपेटची टकटक म्हणून ऐकू येत नाही. इतक्या वर्षांत असं काम झालं नव्हतं. नेमक्या अशा वेळी ही विजेची गाडी कानामागून येऊन तिखट झाली. ज्या गाडीत ऐकायलाच काही नाही, तिला माझा काय उपयोग?

तेव्हा ठरवलं आहे. महिनाअखेर दुकान बंद. जागेच्या मालकाला सांगून टाकलं. पान्यालाही सांगितलं. इतक्या वर्षांचा भागीदार, पण नुसते हात धूत राहिला.

जावईबापूंना नमस्कार. लोभ आहे, तो गंजू देऊ नकोस.

तुझा,
दादा

---

घर,
ता. १२ नोव्हेंबर

ती. सौ. आत्यास,
ठमीचा सा. न. वि. वि.

बाबांनी तुला प्रदर्शनाचं वर्णन लिहिलं असेलच. आईला त्यांनी पत्र वाचून दाखवलं, म्हणून मी हे लिहायला बसले.

आत्या, त्या हॉलमध्ये शांतता नव्हती. दोन टोकांना दोन मोठे कर्णे लावले होते, नाचगाणं चाललं होतं, दर पाच मिनिटांनी कुणीतरी माईकवर ओरडत होतं. माझं डोकं संध्याकाळपर्यंत भणभणत होतं. निळ्या कोटातली मुलगी बाबांना ओरडून ओरडून सांगत होती. शेवटी बिचारीने बोट दाखवलं. आणि बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, किती शांत आहे गं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

आवारातली ती पांढरी गाडी विजेची नव्हती. जुनी डिझेलची जीप होती, सायलेन्सर फुटलेला. ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढला नव्हता. मी बाबांना स्वेटरला धरून खेचलं. ते घरापर्यंत विजेच्या गाड्यांना शिव्या देत आले आणि मी खिडकीबाहेर बघत रडत होते.

हे आजचं नाही. दोन वर्षं होत आली. टॅपेट सैल असलं की टकटकतं, ते बाबांना ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्या लेखी प्रत्येक गाडी पास. मग पान्याकाका गिऱ्हाइकाला म्हणतात, धुऊन ठेवतो, संध्याकाळी न्या. गाडी मागच्या गल्लीत लाँड्रीच्या भिंतीआड नेतात, इंजिनाचं झाकण उघडतात आणि सगळं पुन्हा करतात. आईला माहीत आहे, मला माहीत आहे, लाँड्रीवाल्यालाही माहीत आहे. काकांनी आम्हाला शपथ घातली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, या माणसाकडे कानाशिवाय दुसरं काही नाही, असं म्हणाले होते.

आता दुकान बंद व्हायला निघालं तरी काका तेच म्हणतात. होऊ दे बंद, विजेच्या गाड्यांमुळे झालं असं म्हणेल, मानाने घरी बसेल. पण काकांचं काय? या वयात त्यांना दुसरीकडे कोण उभं करणार? आणि बाबा रोज तो रस्ता ओलांडतात. एखाद्या दिवशी स्वेटर धरायला कोणी नसेल.

आईला हे बाबांना सांगवत नाही. मी प्रयत्न केला, पण जे ओरडून सांगावं लागतं ते ओरडून सांगता येत नाही. तूच लिही. तुझं पत्र ते तीनदा वाचतात.

तू रागावणार नाहीस ना? लोभ असावाच, थोडा जास्तच असावा.

तुझी,
ठमी

---

ता. १७ नोव्हेंबर

ती. दादास,
छकुलीचे शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी पोट धरून हसले. बॉनेटखाली बटाटे! आमच्या ह्यांनाही वाचून दाखवलं. ते म्हणाले, दादांनी त्या मुलीची परीक्षाच घेतली असणार. हसू ओसरल्यावर मात्र तीन दिवस नुसता कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले होते.

दादा, आता मी लिहिते ते रागावून फाडू नकोस. गाड्या मुक्या नव्हत्या, निदान ती पांढरी नव्हती. तिचा हॉर्न सगळ्या आवाराने ऐकला. हॉलमध्ये कर्णे लागले होते. तुला ऐकू येत नाही, दादा. फोन चांगले आहेत, माणसं पुटपुटत नाहीत. उन्हाळ्यात तू आलास, मी फाटकातून तीन हाका मारल्या आणि तू तसाच पुढे गेलास. मी मनात म्हटलं, विचारात असेल. आपण सगळेच तसं म्हणत आलो, कारण तसं म्हणणं सोपं होतं.

यात लाजण्यासारखं काय आहे? आपल्या वडिलांनाही साठीनंतर दोनदा सांगावं लागायचं. कानाच्या डॉक्टरकडे जा. ठमी नेईल. आणि दुकान बंद करू नकोस. तुझ्या कानावाचून दुकान चालणार नाही, असं तुला वाटत असेल, तर मी खात्रीने सांगते की चालेल. दोन वर्षं चाललंच आहे. तू पास केलेली प्रत्येक गाडी पान्या मागच्या गल्लीत नेऊन पुन्हा करतो. कुणाला कळू दिलं नाही त्याने. असा मित्र कुणाला मिळतो? तू त्याला वाऱ्यावर सोडणार नाहीस, हे मला माहीत आहे.

वाईट वाटलं तर मला शिव्या दे, पण पत्रातून दे. तुझ्या मायेवर जगते, ती आटू देऊ नकोस.

तुझी धाकटी,
छकुली

---

ता. २ डिसेंबर

चि. सौ. छकुलीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा तुझं डोकं फिरलंय असं मी वहिनीला सांगायला गेलो. ती मान खाली घालून रडायला लागली. मग मी ठमीला डॉक्टरची वेळ घ्यायला सांगितली.

डॉक्टरकडे जाऊन आलो. काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी बटण धरून वाट बघत राहिलो. काचेपलीकडे ठमी उभी होती. तिचा चेहरा बघून कळलं की आवाज येऊन गेले. बारीक आवाज सगळे गेलेत, ते आता परत येणार नाहीत. यंत्र लावलं तर बोलणं समजेल. इंजिन समजेल का, म्हणून विचारलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, ते कशाला समजायला हवं?

इथपर्यंत मी गिळलं. पण तू पान्याचं लिहिलंस ना, ते घशात अडकलं. त्याच्याकडे कान नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग दोन वर्षं हा माणूस गाड्या नीट करतो कशा? मी दुकानात जाऊन सरळ विचारलं. त्याने हात पुसले. मग खिशातून फिलरच्या पट्ट्या काढून माझ्या हातावर ठेवल्या.

तुला कळेल असं सांगतो. ठरलेल्या जाडीच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतात. टॅपेटच्या फटीत पट्टी घालायची. अडकली तर ढिलं करायचं, सैल गेली तर आवळायचं. एका दुपारी तुलाही शिकवता येईल. मी या पट्ट्या दुकानात आणू दिल्या नव्हत्या. ज्याला कान नाही त्याने पट्टी वापरावी, असं गिऱ्हाइकांसमोर म्हणायचो, पान्यासमोरही म्हणायचो, आणि गिऱ्हाईक हसायचं.

मी त्याला विचारलं, या दोन वर्षांत किती गाड्या तक्रार घेऊन परत आल्या? त्याने नकारार्थी मान हलवली. एकही नाही. तिथे थांबायला हवं होतं, छकुले. पण मी विचारलं, माझा कान चांगला होता तेव्हा? तो उठून जायला लागला. मी त्याला धरून ठेवलं. ओठ हलले, मला कळेना, म्हणून मी त्याच्या हातात खडू दिला. त्याने फरशीवर लिहिलं की तेव्हा यायच्या, बऱ्याच यायच्या, तो त्या बाहेरच्या बाहेर नीट करून द्यायचा. लिहून झाल्यावर लगेच पायाने पुसून टाकलं. मी वाचलं होतं.

म्हणजे दोन वर्षं नव्हे, सगळी वर्षं. मी डोळे मिटून इंजिनाशी उभा राहायचो, लोक श्वास धरायचे, आणि तो मागच्या गल्लीत माझ्या चुका निस्तरत असायचा. त्याच्यावर रागावताही येत नाही. त्याने माझ्यासाठीच केलं. तुझ्यावरही रागावत नाही, तू खरं तेच लिहिलंस. तरी वाटतं, विजेच्या गाड्यांनी माझं दुकान बुडवलं, असं म्हणत मी मेलो असतो तर काय बिघडलं असतं?

दुकान बंद होत नाही, ती काळजी सोड. मालकाला कळवलं. पान्या चालवतोय. मी जात नाही. सकाळी सवयीने कामाचे कपडे चढवतो आणि जेवणाच्या वेळेपर्यंत तसाच खुर्चीत बसतो. वहिनी काही म्हणत नाही, किंवा म्हणत असेल.

कान गेले याचं दुःख करत नाही, वय झालं की जातात. पण ते कधीकाळी होते, एवढं तरी धरून बसलो असतो. त्या विजेच्या गाड्यांना उगाच शिव्या दिल्या. त्यांनी माझं काही नेलं नाही. नेण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच.

तुझा लोभ आहे, तो तेवढा खरा असू दे.

दादा